उजव्या बटणातली पाचर

१

ताडपत्री ओढून काढली तेव्हा मशीन अगदी निर्दोष दिसलं. काल दुपारी त्यानं एका माणसाचा हात घेतला होता आणि आज तोंड पुसल्यासारखं गप उभं होतं.

निरीक्षक बाई जरा वेळ नुसत्या बघत राहिल्या. कारखान्यांमधली सुरक्षा तपासणाऱ्या सरकारी खात्यात त्या होत्या, आणि त्यांच्या वाट्याला इतके कारखाने होते की एखाद्या शेडचं तोंड दुसऱ्यांदा दिसायचं ते बहुधा अपघात झाल्यावरच. समोरचं मशीन पत्र्याला आकार देणारं होतं. वरून लोखंडी दट्ट्या खाली येतो, साच्यावर आपटतो आणि सपाट पत्र्याचं झाकण होतं. कामगारानं पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर काढायचे आणि दोन बटणं एकदम दाबायची. एक बटण डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही हात बटणांवर असले तरच दट्ट्या हलणार, म्हणजे हात आत सापडायचा प्रश्नच नाही. ज्यानं ही युक्ती काढली त्याला कामगार चांगला ठाऊक असावा, पण मालकाशी त्याची गाठ पडली नसावी.

"सरळ केस आहे, मॅडम," शेडचा मुकादम मागून बोलत होता. त्याच्या शर्टाच्या बाहीवर कालचे डाग वाळून काळे पडले होते. "तुमचा वेळ उगाच जायला नको म्हणून सांगतो. पोरानं उजव्या बटणात पाचर मारली होती. मग ते बटण आपलं दाबलेलंच राहतं. डाव्या हातानं डावं दाबायचं, उजवा हात मोकळा. आत घाल, बाहेर काढ, काम झटपट. एकदा काढायचा राहिला. आता याला कोण काय करणार?"

"पाचर तुम्ही स्वतः पाहिली?"

"पाहिली म्हणजे? त्याला उचलताना डोळ्यांसमोरच होती. मग मी त्याला गाडीत घातला, थेट दवाखान्यात. रात्रभर तिथंच. आता तुमच्याबरोबरच शेडमध्ये पाऊल टाकतोय."

निरीक्षक बाई खाली वाकल्या. बटणाभोवती लोखंडी कडं होतं, आणि कडं व बटण यांच्या फटीत लाकडाची एक चपटी पाचर ठोकलेली होती. ठोकणारानं चांगली घट्ट ठोकली होती. तिचं निमुळतं टोक कामगार उभा राहतो त्या बाजूला होतं आणि जाड टोक मशीनकडे. हे त्यांना जरा चमत्कारिक वाटलं, पण का ते लगेच कळेना.

मग त्यांना दुसरी गोष्ट दिसली आणि पहिली मागे पडली.

"मुकादम, हात कोणता गेला म्हणालात?"

"उजवा. मनगटापासून."

"पाचर डाव्या बटणात आहे."

मुकादम पुढे आला. त्यानं बटणाकडे पाहिलं, मग दुसऱ्या बटणाकडे पाहिलं. त्याचा चेहरा साफ उतरला.

डावं बटण पाचरीनं दाबलेलं असेल तर मशीन चालवायला उजवा हात उजव्या बटणावर हवा. मोकळा राहणार तो डावा. आणि जो हात बटणावर होता, तोच आत कसा चिरडला?

२

मुकादम सावरायला वेळ लावणारा माणूस नव्हता.

"डाव्या हातानं पलीकडचं बटण दाबत असेल," तो म्हणाला. "डावखुरा असेल बघा. डावखुऱ्यांचं सगळं उलटंच असतं."

निरीक्षक बाईंनी तिथंच उभं राहून करून पाहिलं. डावा हात उजव्या बटणापर्यंत पोचत होता, नाही असं नाही, पण त्यासाठी कंबरेतून इतकं वळावं लागे की काम झटपट होण्याऐवजी पाठ मोडायची. त्यांनी मशीनला हात लावायचा नाही अशी नोटीस चिकटवली आणि कचेरीत परत आल्या.

कचेरीत एक तरुण बाई बाकावर बसली होती. जखमी कामगाराची बायको. घरी शिवणकाम करायची; बोटाला सुई टोचून टोचून झालेली बारीक भोकं हात जोडले तेव्हा दिसली.

"ताई, यांना सकाळी शुद्ध आली," ती म्हणाली. "पहिलं वाक्य काय बोलले माहितेय? 'बटणं सोडली होती गं. मशीननं डबल मारलं.' डबल मारलं म्हणजे काय हो?"

"बटणं सोडल्यावर दट्ट्या वर जाऊन थांबायला हवा. आतली स्प्रिंग मेली असेल तर तो थांबत नाही, आपल्या मनानं परत खाली येतो. तुमच्या नवऱ्यानं बटणं सोडून झाकण काढायला हात घातला असेल, आणि तेवढ्यात..."

निरीक्षक बाईंनी वाक्य पुरं केलं नाही. तिला ते पुरं झालेलं नको होतंच.

"तिथं म्हणतात, यांनी पाचर मारली. ताई, शेडमध्ये सगळे यांना काय म्हणतात ठाऊक आहे? 'नियम'. नियम आला, नियम जेवायला बसला. का, तर हे एकटेच पाचर मारत नाहीत म्हणून. हसतात यांना."

"डावखुरे आहेत का ते?"

"हे?" ती कालपासून पहिल्यांदा हसली. "डाव्या हातानं यांना कंगवा धरता येत नाही."

मग ती खरं विचारायला आली होती ते तिनं विचारलं. आता पुढं काय? काही वाट आहे का?

"दोन वाटा आहेत. एक, तुम्ही भरपाईचा दावा लावायचा. त्यात मालकाची चूक दाखवायची गरज नसते. कामावर असताना हात गेला एवढं पुरतं. दुसरी, सुरक्षेची हयगय केली म्हणून मालकावर खटला. तो आमचं खातं भरतं. पण दोन्ही वाटांवर एकच दगड आहे. कामगारानं जाणूनबुजून सुरक्षेची व्यवस्था निकामी केली असं ठरलं, तर मालक हात झटकून मोकळा."

"म्हणजे ती पाचर."

"ती पाचर. कुणी मारली ते मला शोधून काढावं लागेल."

ती उठली. दारापाशी थांबून म्हणाली, "मालकांनी एक कागद पाठवलाय. यांनी आपली चूक कबूल केली तर दयेपोटी काहीतरी देतो म्हणतात. मी फाडणार होते. पण भावजी म्हणतात सही करून टाका, भांडून काय मिळणार."

"भावजी म्हणजे?"

"यांचे सख्खे मोठे भाऊ. त्याच शेडमध्ये मिस्त्री आहेत ना. मशीनं तेच दुरुस्त करतात."

३

शेडचा रखवालदार सरळ माणूस होता. गाडी निघाली तेव्हा सगळे कामगार फाटकापर्यंत धावले, तो म्हणाला. गाडी गेल्यावरही तासभर फाटकातली गर्दी हटेना; ती पांगली तेव्हा तो परत आला, मशीनवर ताडपत्री टाकली आणि तिथंच खुर्ची टाकून बसला. त्यानंतर कुणी फिरकलं नाही.

"आणि सगळे फाटकात होते तेव्हा आत कोण होतं?"

"गवई होता. शेजारच्या मशीनवरचा. पायांतलं बळच गेलं त्याच्या, खाली बसला होता. आणि मिस्त्री."

म्हणजे दोघंच. गवई आणि मिस्त्री.

गवयाला गवई म्हणायचं कारण तो दिवसभर मशीनच्या तालावर गुणगुणत असे. आज तो गप्प होता. निरीक्षक बाईंनी आधी त्याच्या मशीनची बटणं पाहिली. उजव्या कड्याच्या आतल्या कडेला लाकडानं घासून घासून चकचकीत पट्टा पडला होता.

"तुम्ही पाचर मारता."

गवयानं कानाची पाळी चोळली. "सगळेच मारतात. मुकादम तासातासाला माल मोजतो आणि कमी पडला की घरचा रस्ता दाखवतो. पाचर नाही मारली तर काय पोटाला पाचर मारायची?" मग त्यानं आवाज खाली आणला. "फक्त 'नियम' मारत नव्हता."

"काल काय ऐकलंत?"

"मी पाठमोरा होतो. पाहिलं काही नाही."

"पाहिलं नाही ते कळलं. ऐकलंत काय?"

मग त्यानं बोटांनी मांडीवर ताल धरला. "त्याचं मशीन असं वाजतं. धप्. मग जागा, त्यात तो झाकण काढतो, नवा पत्रा ठेवतो. मग धप्. मी इतकी वर्षं त्याच्या जागेवर माझी सम धरतोय. काल धप् झालं आणि जागाच आली नाही. लगेच दुसरं धप्. मी म्हटलं, याचा ताल कसा चुकला. आणि मग तो ओरडला."

"हे लिहून देता?"

"मॅडम," गवई हात जोडून म्हणाला, "मी बहिरा आहे असं लिहा. घरी खाणारी तोंडं आहेत."

लिहून दिलं नाही तरी एक गोष्ट कळली होती. मशीननं डबल मारलं होतं. आणि गवयानं पाचर मारली असेल असं निरीक्षक बाईंना वाटेना. रोज उजव्या बटणात पाचर मारणाऱ्या माणसाचा हात काल डाव्या बटणाकडे का गेला असता?

मिस्त्री मशीनजवळच भेटला. धाकट्या भावाच्या काळजीनं चेहरा कसा ओढला गेला होता. अंगानं मोठा, आवाजानं अगदी बारीक. निरीक्षक बाईंनी विचारलं त्याची तो दोन शब्दांत उत्तरं देत होता. मशीन ठीक होतं. स्प्रिंग ठीक होती. पाचरीचं काही ठाऊक नाही.

"इथं अंधार फार आहे हो," निरीक्षक बाई वर बघून म्हणाल्या.

"डावीकडचा दिवा गेलाय," तो म्हणाला. "बदलायचा राहिला."

निरीक्षक बाईंनी समोरून पाहिलं. मशीनच्या वर दोन दिवे होते. डावीकडचा व्यवस्थित जळत होता. गेला होता तो उजवीकडचा. माणूस हादरलेला आहे, त्यांनी मनात म्हटलं, आणि विषय सोडून दिला.

जाताना त्या मशीनच्या मागच्या बाजूला गेल्या. मोठं चाक तिथंच होतं आणि त्याच्या पोटात ती स्प्रिंग. सगळ्या मशीनवर वर्षानुवर्षांची काळी मळी बसलेली. पण स्प्रिंगच्या झाकणाभोवती ग्रीस पिवळंधमक, ताजं होतं. त्यांनी झाकण उघडायला लावलं.

आतली स्प्रिंग कोरी करकरीत होती.

४

"नेहमीची देखभाल," मुकादम म्हणाला.

"अपघात झालेल्या मशीनची? त्याच दुपारी?"

"मिस्त्रीची वेळापत्रकं मी कशाला बघू? मॅडम, मी गाडीत होतो. त्या पोराचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझ्या हातून काय होणार होतं?"

हे खरंच होतं, आणि इथंच सगळं अडत होतं. निरीक्षक बाईंचा मुकादमावर पक्का संशय होता. पण गाडी निघाली तेव्हा तो गाडीत, आणि परतला तो त्यांच्याबरोबर. रखवालदारानं छातीठोक सांगितलं होतं. शिवाय मुकादम खोटं बोलत होता तरी त्याचं खोटं बाळबोध होतं. पाचर पाहिली म्हणाला आणि नेमकी चुकीच्या बटणात पाहिली.

नेमकी चुकीच्या बटणात. निरीक्षक बाई शेडच्या मधोमध थांबल्या.

मुकादमानं पाचर पाहिली नव्हती. पण ती उजव्या बटणात असणार याची त्याला खात्री होती. हात उजवा गेला, म्हणजे पाचर उजव्या बटणात हवी, हा हिशेब त्याला बरोबर करता येत होता. अशी खात्री कुणाला असते? ज्यानं तसं करायला सांगितलं, त्याला. गाडीत चढता चढता त्यानं कुणाला तरी सांगितलं, उजव्या बटणात पाचर मार. आणि ज्याला सांगितलं त्यानं ती डाव्या बटणात मारली.

डावं-उजवं न कळणारा माणूस या शेडमध्ये कोण होता? इथं तर सगळी माणसं दिवसभर याच दोन शब्दांवर पोट भरत होती.

त्या परत मशीनच्या मागे गेल्या. नव्या स्प्रिंगच्या झाकणापाशी, जिथं ती बसवणारा माणूस उभा राहिला असेल तिथं उभ्या राहिल्या. तिथून मशीनच्या कुशीतून हात पुढे घातला. उजवा हात उजव्या कुशीतून गेला आणि सरळ पाचरीच्या जाड टोकाला लागला.

पाचरीचं जाड टोक मशीनकडे का होतं ते आता कळलं. पाचर समोरून मारलेलीच नव्हती. ती मागून मारली होती, आणि मागून पाहिलं तर हे बटण उजवंच होतं.

त्यांनी मान वर केली. गेलेला दिवा त्यांच्या डाव्या हाताला होता.

या शेडमध्ये सगळे जण मशीनच्या पुढं उभे राहतात. मागं उभं राहून आयुष्य काढलेला माणूस एकच होता.

निरीक्षक बाईंना आनंद व्हायला हवा होता. गुंता सुटला की त्यांना नेहमी व्हायचा. आज मात्र त्या चाकाला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांना त्या शिवणकाम करणाऱ्या पोरीचं हसू आठवलं.

५

शेडच्या मागं पाण्याचा नळ होता. मिस्त्री तिथं साबणाच्या भुकटीनं हात धूत होता. हात कधीचे स्वच्छ झाले होते.

"मिस्त्री, तो दिवा बदलायचाय ना?" निरीक्षक बाई म्हणाल्या. "कुठला सांगितलात?"

"डावीकडचा."

"मी समोरून पाहिला. तो उजवीकडचा निघाला."

मिस्त्रीनं त्यांच्याकडे पाहिलं. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. त्यानं नळ बंद केला, पण ओले हात कुठं पुसावेत हे त्याला सुचेना.

"कुठल्या बटणात मारली मी?"

"डाव्या."

"म्हणजे तीही चुकली," तो म्हणाला आणि नळाच्या कट्ट्यावर मटकन बसला.

मग त्यानं सांगितलं. त्याला कुणी थांबवलं असतं तरी तो थांबला नसता. स्प्रिंग केव्हाच मेली होती. तो मुकादमाकडे नवी मागत होता, मुकादम म्हणत होता, या खेपेला जुनीच ताणून बसव, पुढच्या खेपेला बघू. त्यानं ताणून बसवली. मशीन आपल्याच भावाचं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? पण नाही म्हटलं तर दुसरा मिस्त्री आणतील, आणि तो दुसरा तरी काय करील? तोही ताणूनच बसवील. निदान आपण जपून बसवू, असं त्यानं मनाला समजावलं होतं.

"काल मी त्याचं मनगट दाबून धरलं होतं. मुकादम त्याला गाडीत घालत होता. घालता घालता माझ्या कानाशी आला. म्हणाला, स्प्रिंग तू बसवलीस, आत तूच जाशील. नवी टाक आणि उजव्या बटणात पाचर मार. नाहीतर शेडला टाळं लागेल, सगळ्यांच्या पोटावर पाय येईल तो तुझ्यामुळं."

"आणि तुम्ही ऐकलंत."

"नवी स्प्रिंग कपाटात होती, मॅडम. इतके दिवस होती. त्याच्याच कपाटात. कालच किल्ली दिली त्यानं."

"मग पाचर मागून का मारलीत?" निरीक्षक बाईंनी विचारलं.

"समोर जाऊन मारली असती तर बरोबर बटणात बसली असती," मिस्त्री म्हणाला. "पण समोर त्याचं रक्त होतं. तिथं पाय ठेववला नाही. म्हटलं, मागूनच हात घालू. मेलं एवढंही धड जमलं नाही."

तो रडू लागला. एवढा थोरला माणूस, आणि लहान मुलासारखा हुंदके देत होता. निरीक्षक बाई त्याच्याशेजारी कट्ट्यावर बसल्या. खात्याच्या माणसानं असं बसायचं नसतं, पण उभं राहून विचारण्यासारखं हे नव्हतंच.

"जुनी स्प्रिंग कुठं आहे?"

"भंगाराच्या गाडीतून गेली. काल संध्याकाळीच."

"गवई बोलणार नाही. मुकादम तर कानांवर हात ठेवील. म्हणजे पुरावा म्हणून तुम्ही एकटेच. तुम्ही साक्ष दिलीत तर भावाच्या वाटेतला दगड दूर होतो. दावाही उभा राहतो, खटलाही."

"आणि मी?"

"पुरावा बदललात, खराब स्प्रिंग बसवलीत. तुमच्यावरही खटला होईल. मी तुमच्यासाठी शब्द टाकीन, पण सुटाल असं आज सांगितलं तर ते खोटं होईल."

मिस्त्रीनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "तो म्हणेल तसं करतो," तो म्हणाला. "त्याला सगळं सांगा. मला त्याच्यासमोर उभं राहवत नाही. तो म्हणाला साक्ष दे, की मी चालत येतो."

६

दवाखान्याच्या मोठ्या खोलीत खाटांच्या रांगा होत्या. 'नियम' खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसला होता. उजवा हात चादरीखाली. जबाबाचा कागद निरीक्षक बाईंच्या मांडीवर होता आणि वरच्या साहेबांचा निरोप पिशवीत: कारण एका ओळीत लिहा, आजच पाठवा.

"ताई आल्या," बायको म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "कळलं का हो, कुणी मारली?"

'नियम'नं निरीक्षक बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "जा, पाणी घेऊन ये. गार आण."

ती गेल्यावर निरीक्षक बाईंनी सांगितलं. काही गाळलं नाही. स्प्रिंग, कपाट, कानाशी बोललेले शब्द, मागून घातलेला हात, मुकादमानं पुढे केलेली डावखुऱ्याची सबब, मिस्त्रीचा निरोप. तो खिडकीबाहेर बघत ऐकत होता.

"मला वाटलंच," तो शेवटी म्हणाला. "सकाळी दादा आला होता. पायाशी उभा राहिला आणि चादर नीट करत बसला. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. लहानपणी माझी पाटी फोडली होती तेव्हा असाच उभा होता." मग त्यानं विचारलं, "त्याला काय होईल?"

"नोकरी जाईल. शिक्षाही होऊ शकते."

"मुकादमाला?"

"तो म्हणेल, मी असं बोललोच नाही. ऐकणारे तुमचे दादाच."

"मालकाला?"

"दंड होईल. तो वरच्या कोर्टात जाईल. वेळ लागेल."

"आणि मला?"

"भरपाई मिळेल. सगळं संपल्यावर. बहुतेक."

"बहुतेक," तो म्हणाला. शब्द कसा लागतो ते चाखून बघावा तसा त्यानं तो परत एकदा म्हटला. "ताई, आमच्या घरात भावाभावांचे मिळून चार हात होते कमावणारे. एक गेला. आता उरलेल्यांतले दोन जाणार. मग माझ्या आणि त्याच्या पोरांनी या एका डाव्या हाताकडे बघत बसायचं?"

"पण चूक तुमची नव्हती. एवढं तरी कागदावर यायला हवं ना? निदान स्प्रिंगचं लिहू द्या. त्या शेडमध्ये अजून मशीनं आहेत, त्यांच्यातही असल्याच स्प्रिंगा असतील. तुमचं मशीन तेवढं आता ठीक आहे, बाकीच्यांचं काय?"

"ती तुम्ही तपासा," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. "तुमचं कामच आहे ना ते?"

निरीक्षक बाईंनी मान खाली घातली. त्यांना आपल्या टेबलावरचा कारखान्यांचा ढीग दिसला, आणि या शेडचा नंबर त्यात परत कधी लागेल याचा विचारही करवेना. इतक्या वर्षांत त्यांना इतकं निरुपयोगी कधी वाटलं नव्हतं.

बायको पाण्याचा पेला घेऊन आली. दोघांचे चेहरे बघून खाटेपाशी थबकली.

"लिहा," 'नियम' मोठ्यानं म्हणाला, तिला नीट ऐकू जाईल असं. "पाचर मीच मारली होती. मी डावखुरा आहे. डाव्या हातानं पलीकडचं बटण दाबायची सवय, आणि उजवा आत घालायचो. मशीनचा काही दोष नाही. चूक माझी."

"अहो, काय बोलताय हे?" ती म्हणाली. "कोण डावखुरा? ताई, तापात बोलताहेत हे, लिहू नका. यांनी आयुष्यात कधी..."

"मला पाणी दे."

तिनं पेला पुढे केला. चादर हलली. पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला उजवा हात आपसूक वर आला, पेल्याच्या दिशेनं गेला आणि पेल्यापासून वीतभर अंतरावर थांबला. तिघंही त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या स्वतःच्या लक्षात सगळ्यांत शेवटी आलं. त्यानं तो हात चादरीखाली ओढून घेतला आणि डावा पुढे केला. डाव्या हातात पेला धड बसला नाही. तो कलंडला आणि पाणी चादरीवर सांडलं.

ती टॉवेलनं चादर टिपू लागली. बराच वेळ टिपत होती. कोरडं झालं तरी टिपत होती.

"भावजींनी ना?" तिनं वर न बघता विचारलं.

'नियम'नं तोंड खिडकीकडे वळवलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकला आणि कुशीवर वळला.

तिनं टॉवेल खाटेच्या दांडीवर वाळत घातला. पेल्यात उरलेलं पाणी नवऱ्याच्या ओठांना लावलं, त्याची मान मागून धरली आणि घोट घोट पाजलं. मग निरीक्षक बाईंकडे वळली. सकाळी कचेरीत बसली होती ती पोरगी या चेहऱ्यात कुठं शोधूनही सापडली नसती.

"लिहा, ताई," ती म्हणाली. "हे डावखुरेच आहेत. लहानपणापासून."

निरीक्षक बाईंनी पेन उघडलं आणि डावखुरा असं लिहिलं.